साठीनंतरचा व्यायाम आणि मेंदू: बायका-पुरुषांत फरक नेमका कुठे पडतो?

मेंदूवाट (धागाकर्ती)

‘उतारवयात व्यायाम केला की डोकं शाबूत राहतं, आणि बायकांना हा फायदा पुरुषांपेक्षा जास्त मिळतो.’ ज्येष्ठांच्या गटांत हे वाक्य इतकं फिरतं की ते आलं कुठून, हे कुणी विचारत नाही. म्हणून हा धागा.

सुरुवात बहुतेक २००३ पासून धरतात. त्या वर्षी कोलकोम आणि क्रेमर यांनी ज्येष्ठांवरच्या १८ प्रयोगांचा एकत्रित हिशोब मांडला. फायदा सगळ्यात ठळक दिसला तो कार्यकारी क्षमतेत. म्हणजे आखणी करणं, लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर नेणं, चटकन सुचलेलं चुकीचं उत्तर आवरणं. त्याच हिशोबात आणखी एक गोष्ट दिसली: ज्या प्रयोगांत निम्म्याहून जास्त बायका होत्या, तिथे परिणाम मोठा होता.

मग २०१० मध्ये अमेरिकेत बेकर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. सौम्य विस्मरण असलेले ३३ जण, १७ बायका आणि १६ पुरुष. सहा महिने, आठवड्यातून ४ दिवस, ४५ ते ६० मिनिटं, चांगला दम लागेल असा व्यायाम. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नुसतं ताणण्याचे प्रकार. बायका बऱ्याच चाचण्यांत सुधारल्या, पुरुष एकाच. २०१७ मध्ये बार्हा आणि सहकाऱ्यांनी ३९ प्रयोगांचा आढावा घेतला, त्यातही कार्यकारी क्षमतेचं पारडं बायकांकडे झुकलं.

माझं मत आधीच सांगते. फरक आहे. पण त्याचा मोठा भाग व्यायामाचा डोस कसा मोजला आणि बुद्धी कशी मोजली यातून येतो. ‘बायकांनी चालावं, पुरुषांनी वजनं उचलावीत’ असा अर्थ यातून काढणं साफ चूक आहे. उलट आपल्याकडे साठीच्या पुढच्या बायकांच्या व्यायामात नेमका वजनाचाच भाग गाळला जातो, आणि नुकसान तिथेच होतं. जाणकारांनी भर घालावी.

---

आकडेमोड

धागा चांगला आहे. संख्याशास्त्राच्या बाजूने तीन मुद्दे, कारण बातम्यांत इथेच घसरगुंडी होते.

पहिला. ‘बायकांत फरक लक्षणीय, पुरुषांत नाही’ याचा अर्थ ‘बायका आणि पुरुष यांच्यात लक्षणीय फरक’ असा होत नाही. दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखी असू शकते. एका गटात ती ‘लक्षणीय’ ठरवणाऱ्या रेषेच्या जरा वर, दुसऱ्यात जरा खाली. लिंगभेदाचा दावा करायचा असेल तर व्यायाम आणि लिंग यांचा परस्परपरिणाम, म्हणजे व्यायामाचा फायदा लिंगानुसार बदलतो का, हे थेट तपासावं लागतं. त्याला माणसं खूप लागतात. मूळ परिणामाएवढाच मोठा परस्परपरिणाम पकडायला साधारण चौपट, आणि त्याच्या निम्मा पकडायचा तर सोळापट. १७ आणि १६ माणसांवर हे पेलत नाही. बेकरांचा प्रयोग दिशा दाखवतो, निकाल देत नाही.

दुसरा. ‘जास्त बायका असलेल्या प्रयोगांत परिणाम मोठा’ ही तुलना प्रयोगा-प्रयोगांतली आहे, माणसा-माणसांतली नाही. बायका जास्त असलेले प्रयोग इतर बाबतींतही वेगळे असू शकतात: प्रशिक्षक समोर उभा, गटात व्यायाम, गळती कमी. श्रेय लिंगाला जातं आणि काम हजेरीने केलेलं असतं.

तिसरा. मोठे प्रयोग इतके गोड बोलत नाहीत. अमेरिकेतल्या ‘लाइफ’ प्रयोगात ७० ते ८९ वयाचे १६३५ बैठे ज्येष्ठ होते. दोन वर्षं चालणं, ताकद, लवचिकता. आरोग्यविषयक व्याख्यानं ऐकणाऱ्या गटापेक्षा बुद्धीच्या चाचण्यांत एकूण फरक पडला नाही. वयाने ८० च्या पुढचे आणि सुरुवातीला शरीराने जास्त अशक्त असलेले, यांच्या कार्यकारी क्षमतेत मात्र काही फायदा दिसला. नॉर्वेत ट्रोंडहाइमला सत्तरीतल्या लोकांवर पाच वर्षं प्रयोग चालला. तिथेही गटागटांत एकूण ठळक फरक नव्हता, आणि जो थोडा फायदा दिसला तो पुरुषांत. बाण दोन्ही दिशांना आहेत.

---

मेंदूवाट

@आकडेमोड, तिन्ही मुद्दे मान्य. तरी शरीरशास्त्राची बाजू पूर्ण सोडू नये. बेकरांच्या प्रयोगात दमसास बायका-पुरुषांत जवळपास सारखाच वाढला होता, म्हणजे ‘बायकांनी जास्त घाम गाळला’ हे स्पष्टीकरण तिथे चालत नाही. बायकांच्या शरीरात साखर वापरण्याची क्षमता सुधारली, उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक उतरलं. पुरुषांत तसं दिसलं नाही, त्यांच्यात आयजीएफ-१ नावाचा, वाढीला चालना देणारा दुसराच घटक वर गेला.

बार्हांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे बुद्धी मंदावलेले ७१ जण सहा महिने, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली चालले. मेंदूच्या पेशींना जगवणारं बीडीएनएफ नावाचं प्रथिन बायकांत वाढलं, पुरुषांत उतरलं. कार्यकारी चाचणीतली सुधारणाही बायकांतच. ७१ हा आकडाही लहानच आहे, पण दोन वेगळ्या गटांत एकाच दिशेची खूण मिळते आहे.

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन जातं आणि त्याबरोबर रक्तवाहिन्यांचं, इन्सुलिनचं, हाडांचं संरक्षण उतरतं. व्यायाम यातल्या बऱ्याच जागा काही अंशी भरून काढतो. ज्या जमिनीची ओल जास्त गेली, तिथे त्याच पाण्याचा फरक जास्त दिसतो. माझ्या मते हे सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण आहे.

---

हाडसांधे

मी फिजिओथेरपीच्या बाजूने लिहितो. डोसचा मुद्दा नीट उलगडायला हवा, कारण बागेतल्या मंडळात सगळ्यांना एकच सूचना मिळते: ‘रोज अर्धा तास चाला.’ हा डोस नव्हे.

ताशी ४ किमी वेगाने सपाटीवर चालायला साधारण ३ मेट ऊर्जा लागते, म्हणजे स्वस्थ बसण्याच्या तिप्पट. आता एक ६८ वर्षांची बाई घ्या, जिची कमाल क्षमता ५ मेट आहे. तिच्यासाठी हे चालणं कमालीच्या ६० टक्के. शेजारून त्याच वेगाने चालणाऱ्या तिच्या नवऱ्याची क्षमता ७ मेट असेल तर त्याच्यासाठी तेच ४३ टक्के. ती घामाघूम, तो गप्पा मारतोय. सहा महिन्यांनी तिचं काही सुधारलं आणि त्याचं नाही, तर त्यात लिंगभेद कमी आणि डोसचा फरक जास्त. हे उलटंही घडतं: नवरा पुढे आणि ती मागे रेंगाळत, गुडघा सांभाळत, ताशी अडीच किमीने. मग तिला काहीच मिळत नाही.

नाडीवरून तीव्रता ठरवणाऱ्यांनी सूत्र तपासून घ्या. ‘२२० वजा वय’ सगळ्यांना पाठ आहे. २००१ चं टनाका सूत्र: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. २०१० मध्ये शिकागोच्या गुलाटी आणि सहकाऱ्यांनी फक्त बायकांच्या मोजमापांवरून काढलेलं: २०६ वजा वयाच्या ०.८८ पट. वय ६८, बसलेली नाडी ७२ धरा. कमाल नाडी जुन्या सूत्राने १५२, टनाकाने १६०, गुलाटीने १४६. राखीव नाडीच्या ६० टक्क्यांचं लक्ष्य (कमालीतून बसलेली नाडी वजा करा, ०.६ ने गुणा, बसलेली परत मिळवा) अनुक्रमे १२०, १२५ आणि ११६ येतं. एकाच बाईसाठी ९ ठोक्यांचा फरक. घड्याळाच्या पट्टीवर दिसणारा ‘झोन’ कुठल्या सूत्राचा आहे हे बघितल्याशिवाय त्यामागे धावू नका.

आणि मेटोप्रोलोल, एटेनोलोल यांसारख्या रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर नाडी वर चढतच नाही. तिथे सूत्र बाजूला ठेवा आणि बोलण्याची कसोटी वापरा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण ओवी सुरात म्हणता येत नाही, ही मध्यम तीव्रता. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, ही जोराची. ओवी आरामात म्हणता येते म्हणजे ते फिरणं आहे. फिरणं छानच, पण या धाग्यातल्या कुठल्याही प्रयोगात तो डोस नव्हता.

---

ओसरी

हाडसांधे यांनी डोस सांगितला म्हणून विचारतो. ज्येष्ठ महिलांच्या गटांत ठरलेलं उत्तर असतं, ‘घरकामात होतोच की व्यायाम.’ हे कितपत धरायचं?

---

हाडसांधे

@ओसरी, अर्धं खरं आहे. आधी खरी बाजू. फक्त ‘फावल्या वेळातला व्यायाम’ विचारणाऱ्या प्रश्नावल्यांत हे श्रम दिसतच नाहीत आणि धुणं-भांडी-केर-फरशी करणारी बाई ‘निष्क्रिय’ म्हणून नोंदली जाते. तुलनेचा पायाच तिथे तिरका होतो.

दुसरी बाजू. घरकामाची तीव्रता साधारण २ ते ३.५ मेट. ते तुकड्यातुकड्यांत असतं, आणि मुख्य म्हणजे वाढत नाही. दहा वर्षांपूर्वीची बादली आणि आजची बादली तेवढीच; खरं तर आज अर्धी भरलेली. स्नायूला आणि हृदयाला कालच्यापेक्षा थोडं जास्त मागितलं तरच ते बदलतात. शिवाय घरकामात पुढे वाकणं भरपूर, डोक्यावर ढकलणं किंवा पाठीमागे ओढणं जवळजवळ नाही. म्हणून बैठेपणा मोडायला घरकाम धरावं, ताकदीच्या खात्यात धरू नये.

---

कसोटीपट

बुद्धी मोजण्याच्या बाजूवर कुणी आलं नाही, म्हणून लिहिते.

बायका शब्दांच्या स्मरणात सरासरीने पुरुषांपेक्षा बऱ्या असतात, आयुष्यभर. त्यामुळे शब्दयादीच्या चाचणीत त्यांची घसरण उशिरा दिसते. मेंदूत बदल बराच पुढे गेलेला असतो आणि गुण अजून ‘ठीक’ असतात. मग एकाच गुणांवर निवडलेले ‘सौम्य विस्मरण’ असलेले पुरुष आणि बायका खरं तर आजाराच्या वेगवेगळ्या पायरीवर उभे असू शकतात. त्यांच्यातल्या व्यायामाच्या परिणामाची तुलना त्या प्रमाणात कच्ची.

आपल्याकडे याच्या बरोबर उलटा एक पेच आहे, शिक्षणाचा. लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायकांत ९ टक्के, पुरुषांत ५.८. ग्रामीण भागात ८.४, शहरी ५.३. आजच्या सत्तरीतल्या कितीतरी बायका चौथीच्या पुढे शिकू दिल्या गेल्या नाहीत. कमी शिक्षण हा स्वतःच धोक्याचा घटक आहे, आणि चाचणीत गुण कमी पडण्याचं वेगळं कारणही. दोन्ही गुंते एकाच आकड्यात येतात.

घरच्यांनी किंवा मंडळांनी ‘आधी-नंतर’ चाचणी करायची ठरवलीच तर एवढं पाळा. मोका ही स्मरण, लक्ष, आकृती काढणं वगैरे तपासणारी छोटी चाचणी मराठीत आहे. बारा वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर त्यात एक गुण वाढवून देतात. पण ज्यांच्या हातात पेन्सिल क्वचित आली, त्यांना घनाकृती काढायला लावणं अन्यायाचं आहे. निरक्षरांसाठी हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासातून बनलेली हिंदी मानसिक स्थिती चाचणी जास्त योग्य. आकडे आणि अक्षरं आळीपाळीने जोडत जायची ‘ट्रेल बी’, किंवा रंगाचं नाव वेगळ्याच रंगाच्या शाईत छापलेलं असतं आणि शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा ती स्ट्रूप, या वाचता येणाऱ्यांसाठीच आहेत. या धाग्यात वर ‘कार्यकारी क्षमता सुधारली’ म्हणून जे आलं, ते बरंचसं याच दोन चाचण्यांवर उभं आहे.

चाचणी परत घेताना शब्दयादी बदललेला पर्यायी नमुना घ्या. तोच कागद महिनाभरात पुन्हा दिला तर गुण वाढतातच, व्यायाम न करताही. चष्मा लावलाय का, ऐकू नीट येतंय का, आदल्या रात्री झोप झाली का, हे आधी विचारा. आणि घरच्यांनी शेजारी बसून सुचवू नये. नवरा बायकोच्या वतीने उत्तर देतो, हे फार होतं.

---

आकडेमोड

@कसोटीपट, अतिशय महत्त्वाचा प्रतिसाद. निवडीच्या वेळची पायरी वेगळी असण्याचा मुद्दा माझ्या यादीत नव्हता, तो सगळ्यात वर हवा होता.

---

खलबत्ता

औषधं आणि आजारांच्या बाजूने. व्यायामाचा गुण येत नाही तेव्हा बहुतेकदा अडकलेलं असतं ते इथे, आणि बायका-पुरुषांत अडथळे वेगळे असतात.

बायकांत सगळ्यात न बोलला जाणारा अडथळा लघवी गळण्याचा. खोकलं, जोरात चाललं, खुर्चीतून उठलं की थेंब जातात. मग बाई गटात येणं बंद करते आणि कारण ‘गुडघा’ सांगते. त्यात भर म्हणजे पाणी कमी पिते, त्याने चक्कर आणि लघवीची जळजळ. उपाय व्यायामाचाच आहे. लघवी आणि वारा दोन्ही रोखल्यासारखे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू वर ओढा, ५ सेकंद धरा, ५ सेकंद सोडा, असं १० वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, नितंब आवळायचे नाहीत. लघवी करता करता हा सराव करू नये. खुर्चीतून उठायच्या किंवा शिंकायच्या आधी एकदा आवळून घ्यायची सवय लावली की गळणं बरंच आटोक्यात येतं. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात.

इथे एक धोका आहे. लघवीची घाई थांबवायला दिल्या जाणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या काही गोळ्या ॲसिटिलकोलीन हे स्मरणाला लागणारं मेंदूतलं रसायन अडवतात आणि उतारवयात स्मरण मंदावतात. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिनही त्याच जातीचं. एकीकडे मेंदूसाठी व्यायाम आणि दुसरीकडे रोज ही गोळी, असं चाललेलं असतं. गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांना एकदा सगळं दाखवा. मनाने बंद करू नका.

रक्त तपासा. हिमोग्लोबिन बायकांत १२ च्या खाली, पुरुषांत १३ च्या खाली म्हणजे पंडुरोग. अशा बाईला ‘अजून जोरात चाल’ सांगणं म्हणजे रिकाम्या टाकीवर गाडी पळवणं. बी१२ तपासा, विशेषतः शाकाहारी असेल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर. थायरॉइड मंद असण्याचं प्रमाण बायकांत जास्त. या तिन्हींनी विसराळूपणा येतो आणि तिन्ही दुरुस्त होतात.

पुरुषांकडे वळू. प्रोस्टेटसाठीच्या टॅमसुलोसिनने उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत दाब मोजा. वरचा २० किंवा खालचा १० ने उतरला तर व्यायामाआधी डॉक्टरांना सांगा. तंबाखू, जुनी मधुमेहाची बाधा आणि ‘मला काय होतंय’ या जोरावर पहिल्याच आठवड्यात जिने पळत चढणारे बहुतेक पुरुष असतात. छाती दाटणं हे लक्षण सगळ्यांना माहीत आहे. बायकांत हृदयाचा त्रास नुसता दम, जबडा किंवा पाठ दुखणं, न समजणारा थकवा अशाही रूपात येतो आणि तो अंगदुखीच्या खात्यात जातो. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी लांब चालू नये. खिशात साखर ठेवावी.

---

मेंदूवाट

आता ताकदीकडे. कॅनडात व्हँकुव्हरला लिऊ-अँब्रोस यांच्या प्रयोगात ६५ ते ७५ वयाच्या १५५ बायका होत्या, पुरुष एकही नाही. वर्षभर आठवड्यातून एकदा किंवा दोनदा वजनाचा व्यायाम. स्ट्रूप चाचणीत एकदावाल्या १२.६ टक्के सुधारल्या, दोनदावाल्या १०.९, फक्त तोल आणि हलका व्यायाम करणाऱ्या ०.५ टक्क्यांनी घसरल्या. आठवड्यातून एक दिवस, पण खरं वजन आणि वाढतं वजन. आपल्या बायकांना हे कुणी सांगतच नाही. @हाडसांधे, घरात कसं करायचं ते बारकाईने लिहाल का?

---

हाडसांधे

लिहितो. एकच प्रकार नीट सांगतो, बाकीचे त्याच तत्त्वावर.

खुर्चीतून उठणं. खुर्ची बिनचाकाची, बसायची उंची साधारण ४३ सेंमी, पाठ भिंतीला टेकवलेली. साडी किंवा गाऊन घोट्याच्या वर खोचून घ्या; पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, सपाता नकोत. खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पावलं कमरेइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर. आता कमरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि श्वास सोडत उभं राहा. खाली येताना तीन आकडे मोजत. बूड खुर्चीला लागल्याबरोबर सैल सोडू नका.

चुकतं कुठे? टाचा पुढे राहतात आणि माणूस मागेच पडतो. गुडघे आत वळतात. बायकांत हे जास्त, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा धरतो तो यामुळे. ‘दुसऱ्या बोटाच्या दिशेने गुडघा’ एवढंच सांगा. हात मांडीवर टेकून ढकललं की निम्मं काम हातांनी होतं. श्वास कोंडला की रक्तदाब उसळतो. आणि धप्पकन बसणं: खाली येतानाचं नियंत्रण हाच अर्धा व्यायाम आहे, तोच फुकट जातो.

जमत नसेल तर बसायला ५ सेंमीची घट्ट गादी घालून उंची वाढवा. १२ वेळा, दोन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं विसावा. शेवटी अजून दोन-तीनच निघतील असं वाटलं पाहिजे. बारा झाल्यावर अजून वीस निघतील असं वाटत असेल तर तो ताकदीचा व्यायाम उरलेला नाही. मग गादी काढा. मग छातीशी १ लिटर पाण्याची बाटली, म्हणजे १ किलो. मग पिशवीत दोन, तीन. लहानसे अर्ध्या किलोचे डंबेल्स घेऊन वर्षभर तेच हलवत राहणं हीच बायकांच्या गटांतली सगळ्यात मोठी चूक आहे. वजनाने अंग पुरुषी होतं ही भीती साठीनंतर तर पूर्णच निराधार.

सोबत तीन प्रकार पुरेत: ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीवर हात टेकून दंड, आणि खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून मागे ओढणं. पट्टा दाराच्या कडीला अडकवू नका, दार उघडलं की तोंडावर येतो. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा.

मोजायचं कसं: ३० सेकंदांत हात न लावता किती वेळा उभं राहता. ६५ ते ६९ वयात पुरुष १२ पेक्षा कमी, बायका ११ पेक्षा कमी; ७० ते ७४ मध्ये पुरुष १२, बायका १० पेक्षा कमी असतील तर पडण्याचा धोका जास्त समजतात. उंबरठे बायका-पुरुषांचे वेगळे आहेत, नवऱ्याच्या आकड्याशी तुलना करू नका. मुठीच्या ताकदीचंही तसंच: आशियाई निकषांत पुरुष २८ किलो आणि बायका १८ किलो, त्याच्या खाली म्हणजे स्नायू क्षीण.

हाडं विरळ झालेल्या बायकांसाठी एक सूचना, हिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. पुढे गोल वाकणं मणक्याला धोक्याचं. सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन, पश्चिमोत्तानासन, पोटासाठी आडवं पडून धड वर उचलणं, हे टाळा. मणका चपटा होऊन उंची कमी झालेली असेल तर नक्कीच. पालथं झोपून छाती किंचित उचलणं चालतं.

---

ओसरी

हे सगळं मंडळाच्या फलकावर लावण्यासारखं आहे. एक शंका: फुगडी, झिम्मा, टाळ घेऊन पावली, यांचा मेंदूला उपयोग होतो का? बायका त्यात मनापासून येतात, बागेतल्या चालण्यात येत नाहीत.

---

कसोटीपट

@ओसरी, पावली आणि झिम्मा यांचा नक्की. पायांचा क्रम लक्षात ठेवणं, ताल, शेजारणीकडे बघून वेळ साधणं, आणि वर गाण्याचे शब्द. दोन कामं एकदम करण्याचा हा सराव आहे आणि उतारवयात पहिली खचते ती हीच क्षमता. फुगडी मात्र नको. तोल, मनगट आणि हाडं तिन्ही पणाला लागतात.

पुरुषांसाठीही हा भाग तितकाच लागू आहे. त्यांच्यात चालणं एकसुरी होतं: तोच रस्ता, तोच वेग, तेच चार मित्र. त्यांनी पावली शिकावी, किंवा चालताना ‘क’ पासून सुरू होणारी गावं सांगावीत, १०० मधून तीन-तीन वजा करावेत.

हे मोजताही येतं. १० मीटर सरळ अंतर नेहमीच्या चालीने, घड्याळ लावून. मग तेच भाज्यांची नावं सांगत. साधं चालायला १० सेकंद आणि बोलत १२.५ लागले तर वेग १ मीटरवरून ०.८ वर आला, म्हणजे २० टक्के घट. बोलायला लावल्यावर माणूस थांबतोच, तर पडण्याचा धोका आहे. आधी तोल आणि ताकद, हा सराव नंतर आणि कठड्याजवळ.

---

आकडेमोड

कुणी नातेवाईक वाचत असतील तर एक भर. स्मृतिभ्रंशाचं निदान आधीच झालेलं असेल तर अपेक्षा वेगळ्या ठेवा. ब्रिटनमधल्या ‘डापा’ प्रयोगात सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ जणांना चार महिने बऱ्यापैकी कठीण व्यायाम दिला. दमसास सुधारला, बुद्धीची घसरण थांबली नाही. वर्षभराने व्यायामाच्या गटाचे गुण किंचित वाईटच होते. तिथे व्यायाम करायचा तो झोप, तोल, मनःस्थिती यांसाठी, आणि हलका. घरच्या बाईवर ‘तुम्ही चालवत नाही म्हणून ते विसरतात’ असा ठपका ठेवू नये.

---

मेंदूवाट

शेवटचं वाक्य मोलाचं आहे, कारण सांभाळणारी बहुतेक वेळा बायकोच असते आणि तिचा स्वतःचा व्यायाम पहिला सुटतो.

ज्यांना सोमवारपासून सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी पहिला आठवडा, दोघांनाही. सोमवार आणि गुरुवार ताकद, हाडसांधे यांचे चार प्रकार. मंगळवार, बुधवार आणि शनिवार दम लागेल असं चालणं, सुरुवातीला १० मिनिटांचे दोन तुकडे, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ५० पर्यंत. दोघांनी एकत्र निघावं, पण वेग आपापला. बोलण्याची कसोटी आपापली. तोल रोज, दात घासताना एका हाताने बेसिन धरून एका पायावर १० सेकंद. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, दोन दिवस ताकद, तीन दिवस तोल असं आहे; तिथे पोचायला दोन-तीन महिने लागू द्या.

वेळेचं बघा. सकाळी सहाला बागेत पुरुष दिसतात कारण त्या वेळी बायका डबे करत असतात. गट बायकांचा असेल तर दुपारी चार-साडेचारची वेळ ठेवा, किंवा सकाळचा चहा-डबा तीन दिवस दुसऱ्या कुणीतरी उचलावा.

वहीत चार रकाने: तारीख, किती मिनिटं दम लागला, खुर्चीचे ३० सेकंदांतले आकडे (महिन्यातून एकदा), पिशवीतलं वजन. दोघांच्या वह्या वेगळ्या. तीन महिन्यांनी तिच्या पिशवीतलं वजन तेवढंच असेल, तर इथे येऊन लिहा, काय बदलायचं ते बघू.